धुण्याचा दगड

सही करताना सर्जेरावांनी चष्मा लावला नव्हता. लावला असता तरी काही फरक पडला नसता, कारण वाचायला वहीत काही नव्हतंच. वर अर्धं पान कोरं होतं आणि खाली बावीस सह्या होत्या.

"आबा, ग्रामसभेची हजेरी राहिलीया तुमची," पंचायतीचा शिपाई वही पुढं करून म्हणाला होता. "हितं एक सही ठोका."

ओढेवाडीत ग्रामसभा अशीच भरते. माणसं एका जागी जमत नाहीत, वहीच घरोघर फिरते. आधी सह्या गोळा होतात आणि ठराव मागाहून निवांत लिहिला जातो. कोणी विचारलं तर म्हणायचं, सर्वानुमते मंजूर. सर्जेरावांनी तेविसावी सही ठोकली, वर शिपायाला चहा पाजला. कुशाबाई तेव्हा विहिरीवर होत्या, नाहीतर हे रामायण घडलंच नसतं.

तीन आठवड्यांनी पुतण्या ज्ञानेश घरी आला. सर्जेरावांच्या चुलतभावाचा मुलगा, गावचा उपसरपंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं असं की ऐकणाऱ्याला साखर होईल. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "काकी, उद्या सकाळी नारळ तुमच्या हातानं फोडायचाय. जेसीबी येतोय. ओढ्याचं खोलीकरण, रुंदीकरण. तुमच्या पट्टीपास्नं सुरू करतोय."

कुशाबाई मेथी निवडत होत्या. हातातली जुडी तशीच राहिली.

"कुठनं सुरू करतोयस?"

"तुमच्या पट्टीपास्नं. तितं झाडझाडोरा लई वाढलाय ना. साफ करून टाकू. ठराव झालाय, काकांची सही हाय."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या दिवशी सर्जेरावांनी समोर बसून पाहिलं. कुशाबाईंनी आधी पुतण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा आढ्याकडे बघत होता.

ती पट्टी म्हणजे काय, हे सांगायला हवं. शेळगावकडून लासुर्ण्याला जाताना डाव्या हाताला जो ओढा लागतो, तो पुढं नीरा नदीला मिळतो. त्याच्या काठावर सर्जेरावांची सव्वातीन एकर. पूर्वी काठाला करंजं होती, बाभळी होत्या, माणूस दडेल एवढं गवत होतं. बारा सालात सर्जेरावांना ऊस वाढवायचा हुरूप आला. त्यांनी सगळं तोडलं, अगदी काठाच्या ओठापर्यंत नांगर घातला. "करंज काय दूध देतंय का?" असं तेव्हा ते म्हणाले होते. कुशाबाई नको नको म्हणत होत्या, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं आणि घरात त्यांचा आवाज तेव्हा आजच्याइतका मोठा नव्हता.

मग वीस सालचा ऑक्टोबर आला. एका रात्रीत ओढ्यानं अर्धा एकर रान उचलून नेलं. ऊस गेला त्याचं कुशाबाईंना एवढं वाटलं नाही, ऊस परत येतो. माती गेली. सासऱ्यांनी शेणखत घालून घालून काळी केलेली माती, ती लाल पाण्यातून नीरेकडे निघाली आणि खाली पांढरा मुरूम उघडा पडला. कुशाबाई काठावर बसून रडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "आता देतंय का मुरूम दूध?"

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ओढ्याकडेची वीस फूट रुंद पट्टी नांगरातून सोडली. कोणाला विचारलं नाही. करंजं लावली, निरगुडी लावली, वाळ्याचे ठोंब कडेनं लावले, कारण वाळ्याची मुळं माती धरतात हे त्यांना माहेरापासून ठाऊक होतं. दोन उन्हाळे घागरीनं पाणी घातलं. उसाचं पाचट पेटवायचं बंद केलं, सरीतच कुजवायला ठेवलं. बांधावर तणनाशक मारायचं नाही, असा नवऱ्याला दम भरला. गावानं हसून घेतलं. "कुशाकाकीनं ओढ्याला वीस फूट आंदण दिलं," असं पारावर म्हणायचे. म्हणेनात! काठाच्या कडेत खंड्यानं बिळं पाडली, आपोआप उगवलेल्या बाभळीवर सुगरणींनी खोपे लटकवले, गवतात तितराची जोडी आली, आणि गेल्या वर्षी एका रानमांजरीनं तिथंच पिल्लं घातली. करंज फुललं की मधमाश्या येत आणि तिथून सरळ भोपळ्या-दोडक्याच्या वेलांवर जात. शेजारच्यांचे दोडके वाकडे निघायचे, कुशाबाईंचे बारामतीच्या बाजारात हातोहात जायचे. तीन पावसाळे झाले, त्यांच्या रानातली ढेकूळभर माती वाहिली नव्हती. उलट वरून वाहून आलेला गाळ गवतात अडकून पट्टी हातभर उंच झाली होती.

आणि आता त्या पट्टीवर जेसीबी!

"ज्ञाना," कुशाबाई म्हणाल्या, "वढा अख्ख्या गावात अरुंद झालाय. एका माझ्याच हितं त्याला अंग पसरायला जागा हाय. मग रुंद कुठं करायचा?"

"काकी, तसं न्हाय. बाकी सगळीकडं ऊस उभा हाय लोकांचा. उसात मशीन कसं घालायचं? तुमचं पडीकच हाय."

"पडीक?"

"म्हंजी... रिकामं. आन् गाळबी चांगला निघंल तुमच्यातनं. तो मी माझ्या रानात टाकून घेतो, तुमाला त्रास नको."

हे बरं होतं. वरच्या लोकांच्या रानातून वाहून आलेली माती कुशाबाईंनी तीन पावसाळे गवतात धरून ठेवायची, आणि ती ज्ञानेशनं ट्रॉलीत भरून न्यायची. त्रास नको म्हणून! दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण घेताना उपकार करणारा असा एखादाच.

"नारळ आठ वाजता," ज्ञानेश उठत म्हणाला. "मान तुमचाच."

तो गेल्यावर कुशाबाईंनी मेथीची पाटी बाजूला सारली.

"कवा केली सही?"

"आगं, हजेरी म्हनला तो."

"काय लिवलंतं वर?"

"काय न्हवतं."

"कोऱ्या कागदावर?"

"समदेच करत्यात की."

"समदे करत्यात! बारा सालात समद्यांनी झाडं तोडली, तुमीबी तोडली. समद्यांनी वढ्यात ऊस घातला, तुमीबी घातला. समदे हिरीत उड्या मारत्याल तवा मला आधी सांगा, मी दोर सोडून ठिवते!"

सर्जेराव मेथीच्या काड्या गोळा करू लागले. वाईट मनाचा माणूस नव्हता तो. चारचौघांत नाही म्हणायची लाज वाटणारा होता, आणि गावची निम्मी वाट अशाच माणसांनी लावलेली असते.

कुशाबाईंनी पदर खोचला आणि त्या तडक पंचायतीत गेल्या. दिवस मावळायला अजून वेळ होता. शिपाई कुलूप लावत होता. "वही काढ," त्या म्हणाल्या. तो का-कू करू लागला तेव्हा त्या पायरीवरच बसल्या. "माझ्या नवऱ्याची सही हाय तिच्यात. कशावर केली ती वाचल्याबिगर मी उठत न्हाय, आन् तूबी घरी जात न्हाईस."

वही निघाली. कुशाबाई सातवी शिकलेल्या. वाचायला वेळ लागे, पण एकदा वाचलेलं विसरत नसत. कोरं पान आता भरलं होतं, तेवीस सह्यांच्या डोक्यावर निळ्या शाईत दाटीवाटीनं ठराव बसवला होता. "गावातील ओढ्याचे मूळ रुंदीप्रमाणे रुंदीकरण व खोलीकरण करणेस व त्यातील अतिक्रमण काढणेस सर्वानुमते मंजुरी देणेत येत आहे." सरकारी नमुन्यातून जसंच्या तसं उतरवून घेतलं असणार, कारण लिहिणाऱ्यानंही ते वाचलेलं दिसत नव्हतं. कुशाबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मूळ रुंदी. त्यांनी वही मिटून शिपायाच्या हातात दिली आणि त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या एकट्याच विळा घेऊन वरच्या रानात शिरल्या. पट्टीपासून वर, ओढ्याच्या बाजूनं, सर्जेरावांचाच दुसरा तुकडा होता. त्यात नऊ महिन्यांचा अडसाली ऊस उभा होता, माणसाच्या डोक्यावर गेलेला. त्याच्या पलीकडं लागूनच ज्ञानेशचा ऊस. कुशाबाई ओढ्याच्या कडेनं आत शिरल्या आणि सऱ्या मोजत गेल्या. एक, दोन, तीन. पाती हाताला कापत होती. सहाव्या सरीत पायाला तो लागला.

धुण्याचा दगड. काळा, गुळगुळीत, बसक्या पाटासारखा. कुशाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा वाडीतल्या साऱ्या बाया ह्या दगडावर धुणं आपटायच्या. पाण्याच्या अगदी कडेला होता, पाय पाण्यात सोडून बसता यायचं. सासूबाई पहिल्यांदा रागावून बोलल्या ते इथंच, आणि पहिल्यांदा हसल्या तेही इथंच. दगड कुठं हलला नव्हता. हललं होतं ते शेत. दर वर्षी एक सरी, दर वर्षी थोडा भराव, आणि आता दगड उसाच्या पोटात आणि ओढा पलीकडं दहा-बारा फुटांची गटार होऊन पडलेला. हे सर्जेरावांनी केलं होतं, त्यांच्या जोडीनं ज्ञानेशनं केलं होतं, आणि कुशाबाईंनी त्याच उसाचं बेणं स्वतःच्या हातांनी सरीत मांडलं होतं. हेही त्यांना आठवलं. राग आला तो आधी स्वतःचाच आला. त्यांनी विळ्यानं दगडाभोवतीचं पाचट बाजूला केलं आणि त्या परत फिरल्या.

आठ वाजता पट्टीवर पन्नासेक माणसं जमली होती. पिवळा जेसीबी करंजांसमोर उभा होता. त्याचा चालक झुंबर नावाचा, चाळिशीचा, एक पाय थोडा ओढत चालणारा. जेसीबीच्या काचेवर हळदकुंकू, आरशाला लिंबू-मिरची. ताटात नारळ, अगरबत्ती, फुलं. करंजं फुलावर होती, माश्यांचा आवाज चालू होता आणि काठाच्या बिळातून खंड्या सारखा ये-जा करत ओरडत होता. एवढी माणसं त्यानं कधी पाहिली नव्हती.

"या काकी, या," ज्ञानेशनं ताट पुढं केलं.

कुशाबाईंनी नारळ उचलला. मग झुंबरकडे वळून विचारलं, "भाऊ, नारळ फोडल्याबिगर मशीन चालू करत न्हाईस म्हनं?"

"न्हाय काकी," झुंबर म्हणाला. "एकदा केलंतं, बिनानारळाचं. हिरीच्या कडंला मशीन घसरलं. ह्यो पाय तवापास्नं असा हाय."

"आन् नारळ एकीकडं फोडला आन् काम दुसरीकडं सुरू केलं तर?"

"छ्या! नारळ फुटला तितंच पयली बकेट लागती. त्यात बदल न्हाय."

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" कुशाबाई म्हणाल्या आणि नारळ घेऊन चालू लागल्या.

"काकी, हितं! हितं फोडायचाय!" ज्ञानेश मागून ओरडला.

त्या थांबल्या नाहीत. काठानं वर, बांधावरून, उसाच्या कडेला. माणसं गंमत म्हणून मागं निघाली. सर्जेरावही निघाले, त्यांना गंमत वाटत नव्हती. कुशाबाई उसात शिरल्या, सहाव्या सरीत थांबल्या आणि तिथून गरजल्या, "या, आत या! वाडीतल्या बायांनो, तुमी आधी या. ह्यो वळखता का दगड?"

दोघीतिघी म्हाताऱ्या आत घुसल्या. एकीनं कपाळावर हात मारला. "आगं बया! ह्यो तर धुण्याचा दगड! म्या म्हनलं व्हतं, कुठं गेला!"

"कुठं गेला न्हाय. हितंच हाय. वढ्याची कड हितं व्हती. ठरावात लिवलंय, मूळ रुंदीपरमाणं. म्या वाचलंय कालच्याला. तुमी सह्या केल्या, वाचलं कुणीच न्हाय. माझ्या मालकानंबी न्हाय."

पाठीमागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ज्ञानेश उसाची पाती बाजूला सारत पुढं आला. त्याच्या पांढऱ्या शर्टाला उसाची खाजरी कूस लागली होती.

"काकी, ह्यो तुमचाच ऊस हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "वेडेपना करू नका. घरचं नुसकान हाय."

"माझाच हाय म्हनून तर आधी माझा. चोरी मीबी केलीया, बाबा. बेणं म्या लावलंय हितं. मी माझी जागा सोडते. मग पुढं तुझी."

आणि त्यांनी नारळ दगडावर आपटला. एका दणक्यात फुटला. पाणी काळ्या दगडावरून पाचटात उतरलं.

झुंबर लंगडत मशीनकडे गेला. ज्ञानेशनं त्याचा हात धरला, कानात काहीतरी सांगितलं. झुंबरनं हात सोडवून घेतला. "साहेब, तुमी म्हनाल ते खरं. पर नारळ फुटलाय. दुसरीकडं बकेट लावायला मला सांगू नका, मला घरी लेकरं हायती."

मशीन फिरलं आणि बांधावरून वर आलं. सर्जेराव पुढं झाले. सगळ्यांना वाटलं अडवणार. ते कुशाबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले, डोक्याची टोपी काढली, परत घातली, आणि झुंबरला म्हणाले, "दगडाला धक्का लावू नगं. तिथपातूर घे."

सहा सऱ्या गेल्या. नऊ महिन्यांचा ऊस, दोघांनी रात्री-बेरात्री पाणी पाजलेला, कडाकड मोडून आडवा झाला. कुशाबाई एकटक बघत होत्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, आणि ते कशासाठी आलं हे कोणी विचारलंही नाही. भराव निघाला तसं खालचं जुनं पात्र उघडं पडलं, गोल गोट्यांचं, आणि गोट्यांमधून थोडं थोडं पाणी डोकावू लागलं. म्हातारी माणसं वाकून वाकून बघत होती.

तुकडा संपला. मशीन ज्ञानेशच्या बांधाशी येऊन थांबलं. दगडापासून सरळ रेघ धरली तर ती त्याच्या उसात वीस सऱ्या आत जात होती, हे सांगायला मोजणीवाला नको होता. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? झुंबरनं इंजिन चालूच ठेवून खाली वाकून विचारलं, "साहेब, पुढं?"

पन्नास माणसं ज्ञानेशकडे बघत होती. त्यानं मोबाईल काढला, त्याकडे पाहिलं, खिशात घातला. मग म्हणाला, "डिझेल संपत आलं असंल. आज एवढंच ऱ्हाऊ द्या."

"डिझेल हाय की साहेब, सकाळीच टाकी..."

"संपलंय म्हनतो ना मी!"

कुशाबाईंनी तोंड उघडलं. गावात आजही सांगतात की त्या वेळी त्या जे बोलल्या त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. उरलेलं निम्मं असं होतं. "सही घ्यायला वही घरोघर फिरती, मग मशीन का घरोघर फिरत न्हाय? माझ्या झाडाला डिझेल व्हतं, माझ्या उसाला डिझेल व्हतं, तुझ्या उसापाशी आल्यावर संपलं? पुढच्या पुराला माझी माती ऱ्हाईल. तुझी जाईल. जाताना माझ्या गवतात आडंल, तवा गाळ मागाया येऊ नगंस. आलास तर धुणं धुवायच्या दगडावर तुला आपटंन!"

ज्ञानेश मोटारसायकलवर बसून गेला. माणसं पांगली. जेसीबीही दुपारी निघून गेला आणि परत आला नाही. पट्टी वाचली. पण ओढा वरच्या अंगाला होता तसाच, ज्ञानेशच्या आणि इतरांच्या उसात गळा आवळलेला. मधेच कुशाबाईंच्या दोन्ही तुकड्यांपुरता तो रुंद झाला होता आणि पुन्हा खाली अरुंद. त्या रोज संध्याकाळी दगडावर जाऊन बसत, वरच्या उसाकडे बघत आणि एकट्याच शिव्या देत. राग गेला नव्हता. तो जावा असं त्यांना वाटतही नव्हतं.

मोकळ्या झालेल्या जागेत सर्जेरावांनी न सांगता वाळ्याचे ठोंब आणून लावले. घागरीनं पाणी घालू लागले. चुकीच्या अंतरावर लावले होते, कुशाबाईंनी ते उपटून परत लावायला लावले.

पंधरा दिवसांनी शिपाई पुन्हा दारात आला. काखेत तीच वही.

"आबा, हजेरी राहिलीया. हितं एक सही."

सर्जेरावांनी पेन हातात घेतलं. वर अर्धं पान कोरं होतं. खाली अजून एकही सही नव्हती. शिपाई ह्या वेळी ह्याच घरापासून सुरू करत होता. सर्जेरावांनी पेन खाली ठेवलं.

"आगं, चष्मा आण माझा."

कुशाबाई बाहेर आल्या. चष्मा नवऱ्याच्या हातात दिला, वही आपल्याकडे ओढून घेतली. "कशाची सभा झाली?" त्यांनी विचारलं.

शिपाई पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. "त्ये... वढ्याचं काम पुरं झालं, त्याचं."

कुशाबाई ओट्यावर बसल्या. पेन घेतलं आणि कोऱ्या अर्ध्या पानावर, एकेक अक्षर सुटं सुटं, लिहिलं. "सभा झाली नाही. वही घरी आली. ओढ्याचं काम आमच्या बांधापर्यंत झालं, ज्ञानेशच्या बांधापाशी थांबलं." मग उरलेल्या जागेवर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसडायला जागा राहू नये.

"काकी!" शिपायाचा चेहरा उतरला. "ह्ये काय केलं? आता ह्ये पान मी दाखवू कसं? पानांला नंबर हायती, फाडताबी येत न्हाय."

"न्हायच येत," कुशाबाई म्हणाल्या आणि वही नवऱ्यापुढं ठेवली. "आता करा सही."

सर्जेरावांनी चष्मा लावला. तीन वाक्यं होती, त्यांनी ती दोनदा वाचली. मग खाली, पहिल्या ओळीत, पूर्ण नावानं सही केली.